इंजिन घरी बांधलं, पण टायमिंग लागेना? या चुका टाळा

इंजिन बांधून झालं, ऑइल भरलं, गल्लीतली पोरं बोनेटभोवती जमली. सेल्फ मारला आणि कार्बुरेटरमधून फाट्‌कन बार उडाला. सोलापुरात होटगी रोडवरच्या आमच्या अंगणात, एप्रिलच्या उन्हात, घरच्या जुन्या मारुती ८०० ने मला आणि मेव्हण्याला ही सलामी दिली. मेव्हण्यानं लगेच डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डब्याचा, बोल्ट ढिला केला आणि इकडे तिकडे फिरवायला सुरुवात केली. घरी इंजिन बांधणारे बहुतेक जण इथेच फसतात.

टायमिंग एक नसतं, दोन असतात. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, हे क्रँक (पिस्टननं फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणाऱ्या बेल्टवर ठरतं. ठिणगी कधी पडायची, हे डिस्ट्रिब्युटरवर. बेल्टची चूक डिस्ट्रिब्युटर फिरवून झाकता येते, आणि तोच तर वांधा आहे. गाडी चालू होते, आपण खूश होतो, आणि खरा दोष आतच राहतो. म्हणून आधी बेल्ट, मग पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधली, ठिणगीसाठी उघडमिट करणारी कळ) गॅप आणि शेवटी डिस्ट्रिब्युटर. हा क्रम उलटा करू नका.

पिस्टन वर आला एवढ्यावर भागत नाही

क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम एकदाच फिरतो. पण पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा धूर बाहेर टाकून होताना. दुसऱ्या वेळी रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता भाग) पहिल्या वायरकडे करून डिस्ट्रिब्युटर बसवला, तर इनटेक व्हॉल्व्ह उघडायच्या बेताला ठिणगी पडते आणि बार कार्बुरेटरमधून निघतो. आमचं पहिलं पाप हेच.

ओळखायला खास हत्यार लागत नाही. बॅटरीचं टर्मिनल काढा, सगळे प्लग काढा, पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दुसऱ्याला पान्यानं क्रँक फिरवायला सांगा. हवा अंगठा ढकलून बाहेर येत असताना पिस्टन वर आला, की ते कॉम्प्रेशन. टॅपेट कव्हर उघडं असेल तर आणखी सोपं: पहिल्या सिलिंडरचे, व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर हातानं किंचित हलले पाहिजेत.

चार सिलिंडरच्या गाडीत ही चूक कॅपवरच्या वायरी दोन दोन घरं सरकवूनही सुटते. ८०० मध्ये तसं जमत नाही. तीन वायरी १२० अंशांवर असतात, अर्धी फेरी मारली की रोटर दोन वायरींच्या मध्ये येतो. डिस्ट्रिब्युटर उपसून रोटर अर्धा फिरवूनच बसवावा लागतो. वायरी लावताना रोटर कुठल्या दिशेनं फिरतो ते आधी पाहा आणि त्याच दिशेनं १-३-२ या ठिणगीच्या क्रमानं लावा. ओळीनं १-२-३ लावणारे कमी नाहीत.

एका दाताचा घोळ

रोटर सरळ केल्यावर गाडी चालू झाली. आयडलिंगला जरा थरथरत होती, पण नवं इंजिन आहे, बसेल हळूहळू, असं आम्हीच एकमेकांना समजावलं. पुढच्या मंगळवारी तुळजापूरला निघालो. घाटात दुसऱ्या गिअरमध्येही पिकअप नाही, काटा गरमच्या खुणेकडे. डिस्ट्रिब्युटर अॅडव्हान्सकडे, म्हणजे ठिणगी लवकर पडेल तिकडे, सरकवला की थोडा जीव यायचा, म्हणून तो सरकवत सरकवत त्याच्या बोल्टच्या खाचेच्या टोकाला नेला होता. खाच संपली तरी टायमिंग पुरत नसेल, तर डिस्ट्रिब्युटरला सोडा आणि बेल्टचं कव्हर उघडा.

परत आल्यावर शेजारच्या अण्णांना बोलावलं. अण्णांचा जन्म गॅरेजात गेलेला. त्यांनी इंजिनाकडे बघितलंही नाही, एवढंच विचारलं, “बेल्ट चढवताना ढिलाई कुठल्या बाजूला ठेवला बे?”

आम्ही दोन्ही पुलींवरच्या खुणा जुळवून बेल्ट चढवला होता, पण टेन्शनरच्या (बेल्ट ताणणाऱ्या चाकाच्या) विरुद्ध बाजूला तो किंचित सैल राहिला होता. ही ओढीची बाजू. क्रँक फिरला की आधी ती ढिलाई खातो, मग कॅम हलतो. परिणाम, कॅम एक दात मागे. क्रँकच्या पुलीला समजा २० दात असतील, तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. इनटेक उशिरा मिटतो आणि दाब कमी होतो. आमच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर कॅमवरूनच फिरतो, म्हणून ठिणगीही मागे पडली होती.

बेल्ट चढवताना ओढीची बाजू ताठ ठेवा, सगळी ढिलाई टेन्शनरकडे येऊ द्या. टेन्शनरचा बोल्ट सैल ठेवून क्रँक इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनं दोन पूर्ण फेऱ्या हातानं फिरवा, मगच बोल्ट आवळा आणि खुणा पुन्हा बघा. ही फिरवाफिरवी हातानंच, सेल्फनं नाही. कुठे अडलं तर जोर लावू नका. पुष्कळ इंजिनांत चुकलेल्या टायमिंगला व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

पूर्वी कुणी बेल्टवर व्हाइटनरनं खुणा केल्या असतील तर दोन फेऱ्यांनी त्या जागेवर येणार नाहीत. त्यात काही बिघडलेलं नाही, बेल्टच्या आणि पुलीच्या दातांचा हिशेब वेगळा असतो. पुलींवरच्या मूळ खुणा मात्र यायलाच हव्यात. आमच्या पुलीवरही कुणीतरी व्हाइटनरचा ठिपका दिला होता आणि मेव्हणा त्यालाच कंपनीची खूण समजला होता! पुसून पाहिलं, खाली काही नव्हतं.

शंका असेल तर कॉम्प्रेशन गेज लावा. प्लग सगळे काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सगळ्या सिलिंडरचा दाब सारखाच कमी असेल तर कॅमवर संशय घ्या. एकाचाच कमी असेल तर टॅपेट, व्हॉल्व्ह किंवा रिंग. रिंगा नव्या असतील तर थोडा कमी दाब चालतो.

टायमिंगसारखे दिसणारे इतर दोष

टॅपेट फार टाइट राहिले तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, गाडी बार काढते आणि बिचारं टायमिंग बदनाम होतं. कार्बुरेटरखालचं गॅस्केट हवा ओढत असेल तरी आयडलिंग लंगडतं, एक धागा तुटलेल्या यंत्रमागासारखं.

क्रँकच्या पुलीची चावी (पुली क्रँकवर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेला लोखंडी तुकडा) झिजलेली किंवा बोल्ट नीट न आवळलेला असेल, तर आज लावलेलं टायमिंग आठ दिवसांत हलतं. खाचेत नख घालून बघा, कड गोल झाली असेल तर चावी बदला.

ठिणगीचं टायमिंग शेवटी

पॉइंटचा गॅप आधी लावा. गॅप वाढला की टायमिंग पुढे जातं, कमी झाला की मागे. आधी टायमिंग लावून मग गॅप लावला, तर केलेलं काम पुन्हा करावं लागतं. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर खुणेवर लुकलुकणारा दिवा) नसेल तर इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत १२ व्होल्टचा बारीक बल्ब जोडा आणि इग्निशन चालू ठेवून क्रँक हळूहळू फिरवा. पॉइंट उघडला की बल्ब पेटतो. त्या क्षणी खूण तुमच्या गाडीच्या पुस्तकातल्या अंशावर हवी. लाइट असेल तर डिस्ट्रिब्युटरला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करूनच बघा. खूण कुठे पुलीवर असते, कुठे मागे फ्लायव्हीलवर.

मेमध्ये, पारा चाळिशीपार असताना, चढावर खडखड ऐकू आली तर टायमिंग जास्त पुढे आहे. थोडं मागे घ्या.

इंजेक्शनच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर नसेल तर ठिणगीचं टायमिंग कॉम्प्युटर सांभाळतो, तिथे हातानं काही फिरवायचं नाही. स्कॅनरवर पी००१६ कोड आला तर कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नाही, म्हणजे पुन्हा बेल्ट किंवा चेन.

आमचा डिस्ट्रिब्युटर आता खाचेच्या बरोबर मधे आहे. घाट दुसऱ्यावर चढतो, तिसऱ्यावर अजून कुरकुरतो.