सेकंडहँड सर्ज प्रोटेक्टर घेताय? आधी भिंतीतलं अर्थिंग बघा

सर्ज प्रोटेक्टर म्हणजे लाइनवरून अचानक येणारा जादा व्होल्टेजचा तडाखा (सर्ज) झेलून होम थिएटर वाचवणारा सॉकेटांचा डबा. तो घेण्याची तयारी विकणाऱ्याकडे जाऊन नाही, स्वतःच्या टीव्हीमागच्या सॉकेटपासून सुरू होते. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा आणि फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशी तीन रीडिंग घ्या. पहिली दोन २३०च्या आसपास, एकमेकांच्या जवळ. तिसरं एक-दोन व्होल्ट. त्याच लाइनवर इस्त्री लावली की ते थोडं वाढायला हवं. फेज-अर्थला ७०-१०० असं काहीतरी भलतंच दिसलं तर अर्थची वायर कुठेतरी तुटलीय किंवा मुळात ओढलेलीच नाही. जुन्या इमारतींत वरचं मोठं भोक अनेकदा नुसतं शोभेला असतं. न्यूट्रल-अर्थ ठार शून्य, इस्त्री लावूनही शून्य, म्हणजे बहुधा कुणी शहाण्याने सॉकेटमध्येच न्यूट्रल-अर्थ जोडून ठेवलंय. हे अर्थिंग नसण्याहून वाईट: मागे न्यूट्रल तुटला की ॲम्प्लिफायरच्या पत्र्यात करंट येतो. टेस्टरचा दिवा यातलं काहीही सांगत नाही. मीटरचे २३० सुद्धा अर्धाच भरवसा देतात, कारण कमजोर अर्थिंगवरही मीटर २३० दाखवतो. वायरमन बोलवा, लोड टाकून तपासायला सांगा आणि अर्थ टेस्टर असेल तर पिटचा (अर्थिंगच्या जमिनीतल्या खड्ड्याचा) रेझिस्टन्सही घ्यायला लावा.

एवढा आग्रह का, तर बऱ्या प्रोटेक्टरमध्ये किमान तीन एमओव्ही (जादा व्होल्टेज आलं की ते वळवणाऱ्या चकत्या) असतात: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. अर्थ नसेल तर त्यातले दोन मेल्यात जमा. मग सर्ज दुसरी वाट शोधतो, आणि होम थिएटरमध्ये ती वाट असते एचडीएमआय केबल.

आता वस्तू. पाटीवर २३० किंवा २२०-२४० व्होल्ट नसेल तर खाली ठेवा. परदेशातून परतताना आणलेले १२० व्होल्टचे देखणे काळे डबे स्वस्तात मिळतात. त्यांतले एमओव्ही १३०-१५० व्होल्टचे असतात. आपल्या २३०च्या लाइनचं शिखर (एसी लाटेचा माथा) ३२५ व्होल्ट, म्हणजे ते लावल्या क्षणी तापून फुटणार. ‘कन्व्हर्टर लावून चालतो’ वगैरे ऐकू नका.

पाटीवरचा जूलचा आकडा (किती ऊर्जा झेलेल तो) नव्या मालाचा आहे. प्रत्येक तडाख्यात एमओव्ही थोडा झिजतो आणि किती झिजलाय ते मल्टिमीटरच्या ओहमवर कळत नाही. ‘प्रोटेक्टेड’चा हिरवा दिवा फार तर आतला फ्यूज शाबूत असल्याचं सांगतो, स्वस्त स्पाइक गार्डमध्ये तो नुसता करंट आल्याचा दिवा असतो. म्हणून जुना डबा घ्यायचा तो पत्रा, सॉकेट आणि फिल्टरसाठी, एमओव्ही नवे घालायचे हे धरूनच. म्हणजेच विकणारा स्क्रू उघडू देत नसेल तर सौदा नाही. आत निळ्या किंवा पिवळ्या गोल चकत्या दिसतील, वर २०डी४७१के असं काहीतरी: २० मिलिमीटर व्यास, ४७ वर एक शून्य म्हणजे ४७० व्होल्ट. ही चकती ३०० व्होल्ट एसीपर्यंत कायम चालते, आपल्याकडे योग्य. चकत्या तीन आहेत ना, मोजा. एकच असेल तर ती बहुधा फेज-न्यूट्रलची आणि डबा म्हणजे महाग एक्स्टेंशन बोर्ड. तडा, काळपट डाग, जळका वास आला तर परत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत नव्या चकत्या किरकोळ भावात मिळतात. बदलताना थर्मल फ्यूज (तापला की उडणारा) चकतीला चिकटूनच बसवून घ्या, नाहीतर एमओव्ही पेटताना तो उडणारच नाही.

आणि पुन्हा अर्थिंग, या वेळी डब्याचं. प्लगच्या जाड पिनपासून प्रत्येक सॉकेटच्या अर्थ भोकापर्यंत मीटरवर कंटिन्युइटी (जोडणी अखंड आहे का ते) बघा. एकही सोडू नका. जुन्या बोर्डात आतली पितळी पट्टी शेवटच्या दोन सॉकेटांपाशी सैल झालेली असते आणि सबवूफर नेमका तिथेच लागतो. भिंतीचं अर्थिंग उत्तम, डब्याचं तुटकं, तर पैसे पाण्यात.

डिश असेल तर गच्चीवरून येणारी कोॲक्स केबल याच डब्यातून गेली पाहिजे, म्हणजे दोन्हींचा अर्थ एकच राहतो. जुन्या डब्यांतलं कोॲक्स प्रोटेक्शन पुष्कळदा केबल टीव्हीपुरतं असतं. डिशला २१५० मेगाहर्ट्झपर्यंतची वाट हवी, शिवाय एलएनबीचे (डिशच्या तोंडावरच्या रिसीव्हरचे) १३/१८ व्होल्ट पार जायला हवेत. नाहीतर ‘नो सिग्नल’.

लोड: ६ अँपिअरच्या प्लगवर साधारण १३८० वॅट, तेवढेच. डब्यामागे डबा नको, वायर आखूड ठेवा.

इमारतीच्या लाइनचा न्यूट्रल गेला की ३५०-४०० व्होल्ट मिनिटंच्या मिनिटं येऊ शकतात. ते एमओव्हीचं काम नाही, त्याला ओव्हरव्होल्टेज कटऑफ वेगळा लागतो. डीबीत (घराच्या मुख्य वीजपेटीत) टाइप २ एसपीडी, म्हणजे सगळ्या घरासाठीचा सर्ज प्रोटेक्टर, बसवणार असाल तर बेस जुना चालेल, कार्ट्रिज नवंच. जोडलेली उपकरणं जळली तर कंपनी देते ती भरपाई बहुधा पहिल्या गिऱ्हाइकालाच, तेव्हा तिचे पैसे देऊ नका. वीज कडाडायला लागली की प्लग आणि कोॲक्स दोन्ही काढा. एमओव्ही बदलून डबा घरी आला की लावण्याआधी अर्थची कंटिन्युइटी परत एकदा.