आप्पेपात्रातले व्हीगन डोनट होल्स

अंडं घातलं नाही की झालं व्हीगन, असं आमच्या इंदुरात अजून बऱ्याच जणांना वाटतं. दुकानात विचारून बघा. काउंटरवरचा मुलगा छातीठोकपणे सांगेल, "हाँ आंटी, प्योर वेज है, अंडा बिल्कुल नहीं!" आणि त्याच केकात कंडेन्स्ड मिल्कचा अख्खा डबा रिकामा झालेला असतो. पाकिटावरची हिरवी टिकली शाकाहाराची असते. तिच्यात दूध, दही, तूप, मध सगळं बसतं, व्हीगनमध्ये यातलं काहीच चालत नाही. व्हीगनचं चिन्ह वेगळं आहे, हिरव्या चौकटीत व्ही अक्षर आणि त्याला फुटलेलं पान. एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, व्हीगन पदार्थांचे नियम २०२२ चे. पण प्रत्येक पाकिटावर हे चिन्ह भेटेलच असं नाही, म्हणून पाकीट उलटून घटक वाचायची सवय लावून घ्या. मार्जरिन, डार्क चॉकलेट आणि तयार बिस्किटं हे तिघं जास्त संशयित. 'मिल्क सॉलिड्स', म्हणजे दुधाचेच घन अंश, तिथेच दडून बसलेले असतात.

मी रामबागेत राहते आणि घरूनच केक-कुकीजच्या ऑर्डरी घेते. डोनट होल्स करायला लागले ते भाचीसाठी. ती बंगळुरूला नोकरीला गेली आणि व्हीगन होऊन आली. आता वाढदिवसाच्या ऑर्डरींमध्ये, ज्या घरात व्हीगन कुणीच नाही तिथेही हेच जातात, कारण मुलं मागून खातात. डोनट होल म्हणजे डोनटच्या मधल्या भोकाएवढा गोळा, एका घासात संपणारा. तळलेलंच काही हवं असेल तर आपल्या माळव्यातले गुलगुले करा. कणीक, गूळ, बडीशेप आणि तेल. त्यात व्हीगन करायला काही शिल्लकच नाही. भाजलेला डोनट होल मात्र केकच्या जातीचा. दूध आणि अंडं काढल्यानं त्याचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते जास्त भाजल्यानं आणि वरची साखर भलत्या वेळी लावल्यानं.

आधी दुधाचं बघू. बदामाचं, ओटचं, नारळाचं, कुठलंही चालतं, पण मी सोया दूधच घेते. एक तर त्यात प्रथिनं भरपूर, त्यामुळे व्हिनेगर घातलं की ते ताकासारखं फाटतं आणि अंड्याचं धरून ठेवण्याचं काम बऱ्यापैकी निभावतं. बदामाचं दूध फाटल्यासारखं करतं आणि पुन्हा पाणीच राहतं. दुसरं म्हणजे, माळव्यात राहून सोयाबीन विकत आणायला जड वाटू नये. आजूबाजूची काळी जमीन पावसाळाभर त्यानंच हिरवी असते, छावणी मंडीत त्याचेच ढीग लागतात, आणि सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ पासून इथेच, खंडवा रोडवर आहे. तरी दूध म्हणून घरात सोयाबीन कुणी आणत नाही, आणलं तर तेलच.

घरी दूध करायचं तर शंभर ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा, सकाळी हातानं चोळून सालं काढा. मग उकळत्या पाण्यात चिमूटभर सोडा घालून ते दाणे दहा मिनिटं उकळा. ही पायरी गाळू नका. गार पाण्यात कच्चे दाणे वाटले की त्यातलं एक विकर (एन्झाइम) तेलावर काम सुरू करतं आणि तो हिरवट, कच्च्या शेंगेचा वास येतो, ज्याच्यामुळे लोक सोया दुधाला नाकं मुरडतात. दाणे आधी गरम झाले की विकर निकामी होतं. ते पाणी फेकून द्या, पाऊण लिटर गरम पाणी घालून मिक्सरमध्ये बारीक वाटा, पंचाच्या फडक्यातून घट्ट पिळा आणि दूध मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ढवळत उकळा. पातेलं मोठं घ्या, कारण उकळी यायच्या आधीच फेस वर चढतो. कच्चं सोया दूध पोटाला बाधतं, म्हणून उकळायचा कंटाळा करायचा नाही. चोथा उरेल तो थालीपिठाच्या भाजणीत मळून टाका, खमंग लागतो. तयार पाकिटातलं दूध आणणार असाल तर बिनसाखरेचं आणा.

आता प्रमाण. यात चोवीसच्या आसपास गोळे होतात. चमचे मोजायचे आहेत, वाढायचे नाहीत.

मैदा १८० ग्रॅम
साखर ९० ग्रॅम, मिक्सरमधून फिरवलेली
बेकिंग पावडर दीड छोटा चमचा
खायचा सोडा दोन चिमटी
मीठ पाव छोटा चमचा
जायफळ, ताजं किसलेलं, पाव छोटा चमचा भरून
सोया दूध १८० मिली, खोलीच्या तापमानाचं
पांढरं व्हिनेगर एक मोठा चमचा (१५ मिली)
रिफाइंड सोयाबीन तेल ५५ मिली
व्हॅनिला एक छोटा चमचा

वरच्या आवरणासाठी: साखर १०० ग्रॅम, दालचिनी पूड दोन छोटे चमचे, मिठाची कणी, आणि रिफाइंड तेल ५० मिली.

जायफळाबद्दल दोन शब्द जास्त बोलते. डोनटच्या दुकानात शिरल्यावर येणारा जो वास आपण व्हॅनिलाचा समजतो, त्यात जायफळाचा वाटा मोठा असतो. पुरणात आणि श्रीखंडात जायफळ घालणाऱ्या घराला हे वेगळं सांगायला नको, तरी केक करताना हेच घर जायफळाचा डबा उघडत नाही. उघडा. तयार पूड नको, तिचा वास डब्यातच उडून गेलेला असतो. आख्खं जायफळ बारीक किसणीवर किसा. जायफळ नसेल तर जे होईल ते गोल कपकेक. आणि इंदुरी वाचकांना आधीच सांगून ठेवते: जिरावन मसाला आपण पोह्यांपासून तळलेल्या गराडू कंदापर्यंत कशावरही भुरभुरतो, यावर नाही.

तेल शेंगदाण्याचं नको, वास वरचढ होतो. घाण्याचं खोबरेल तेलही याच कारणानं नको.

भांडं म्हणून मी आप्पेपात्र वापरते. त्यासाठी परदेशी साचा मागवायची गरज नाही. बिडाचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं, ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, बसेल एवढं. प्लॅस्टिकची किंवा बेकलाइटची मूठ असेल तर स्क्रू काढून ती बाजूला ठेवा. ओटीजी १८० अंशांवर, खालचे-वरचे दोन्ही रॉड चालू करून, पंधरा मिनिटं आधी तापत ठेवा. पात्र बिडाचं असेल तर शेवटची पाच मिनिटं तेही आत राहू द्या. तापलेल्या बिडात पीठ पडलं की खालची बाजू लगेच धरते आणि गोळा वर उचलला जातो. अ‍ॅल्युमिनियमला याची गरज नाही. खळग्यांना ब्रशनं तेल लावा. तेलच. आमच्या घरात हात आपोआप तुपाच्या भांड्याकडे जातो, सासूबाई तर "तेवढ्यानं काय होतंय" म्हणून बोट बुडवायला तयारच असतात. म्हणून ऑर्डरीच्या दिवशी तुपाचं भांडं मी ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवते.

सोया दुधात व्हिनेगर घालून पाच मिनिटं हात न लावता ठेवा. मग चमचा फिरवून बघा: दूध घट्ट झालेलं असेल, चमच्याच्या पाठीवर बारीक कणी दिसेल, आणि भांडं तिरकं केलं की काठाला पातळ थर चिकटून राहील. एवढं झालं की तेल, साखर, व्हॅनिला घालून साखर विरघळेपर्यंत फेटा. दुसऱ्या भांड्यात मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ, जायफळ एकत्र चाळा. ओलं कोरड्यात ओता आणि स्पॅच्युलानं खालून वर असं उलथत मिसळा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. चार-दोन गुठळ्या राहू द्या, त्या भाजताना जिरतात. भजीच्या पिठासारखं फेसत बसलात तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि गोळे रबरी होतात.

व्हिनेगर आणि सोडा भेटले की बुडबुडे तिथल्या तिथे सुटायला लागतात, त्यामुळे हे पीठ वाट बघत नाही. माझं पात्र बारा खळग्यांचं, म्हणजे दोन घाणे. सगळं पीठ एकदम न कालवता ओलं निम्मं, कोरडं निम्मं असं कालवते, आणि पहिला घाणा आत असताना उरलेलं. दुसरा घाणा बसका झाला अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकींनी पीठ एकत्रच कालवलेलं असतं.

पीठ भरायला पायपिंग बॅग घ्या, नाहीतर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापा. दुधाची पिशवी धुऊन वापरायची आपली जुनी खोड आहे, पण व्हीगन पाहुणा समोर असताना ती आवरा. खळगा काठाच्या किंचित खालपर्यंत भरा. केकसारखा पाऊण भरलात तर नुसती वाटी होईल; जवळजवळ काठापर्यंत भरला की वर घुमट येतो आणि गोळा गोल दिसतो. मधल्या जाळीवर अकरा ते तेरा मिनिटं.

इथे सगळ्यांची फसगत होते. अंडं आणि दूध नसल्यानं वरची बाजू फारशी लाल होत नाही, फिकटच राहते. ती लाल व्हायची वाट बघितली तर आतला ओलावा संपतो आणि गोळा खाताना घशाला कोरड पडते. रंगाकडे बघू नका. अकराव्या मिनिटाला आप्पे उलटायची काडी मधोमध टोचा; ओलं पीठ लागलं नाही आणि बोटानं दाबल्यावर घुमट परत वर आला की बाहेर काढा. खालची बाजू उलटून बघा, ती छान बदामी झालेली असेल. तोच भाग प्लेटमध्ये वर ठेवायचा.

ओव्हन नसेल तर हेच पीठ गॅसवर करा. पात्र मंद आचेवर, खळगे पाऊणच भरायचे, झाकण ठेवून चार मिनिटं, मग आप्प्यांसारखे उलटून आणखी तीन. खरं सांगायचं तर गोल आकार याच पद्धतीनं जास्त चांगला येतो. फक्त मधल्या खळग्यांतले लवकर करपतात, ते आधी उलटा. आतून ओव्हनचे हलके, गॅसचे जरा दाट. भाचीला ओव्हनचे आवडतात, यजमानांना गॅसचे.

आता आवरण, म्हणजे डोनटपणा जिथे येतो ती जागा. साखर आणि दालचिनी एका पसरट थाळीत, तेल वाटीत कोमट करून. गोळे पात्रातून काढल्यावर जाळीवर पाच-सहा मिनिटं ठेवा. उचलला की गरम लागतो पण हातात धरवतो, अशा वेळी लावायचं. त्याआधी लावलंत तर आतली वाफ साखर विरघळवते आणि गोळा ओलाचिक्क होतो. पार गार झाल्यावर लावलंत तर तेल आत मुरत नाही, वरवर चोपडलेलं राहतं आणि साखर झटकल्यासारखी गळते. ब्रशनं सगळीकडून पातळ तेल लावा, लगेच साखरेत घोळवा, मिनिटभर थांबून पुन्हा एकदा घोळवा. दुसऱ्यांदा घोळवलेली साखर कोरडी राहते आणि दाताखाली कुरकुरते. तळलेल्या डोनटची जी चव असते ती बरीचशी बाहेरच्या या तेल-साखरेच्या थराची, म्हणून इथे तेलाची काटकसर करू नका.

काही जणी आवरणाला रिफाइंड खोबरेल वापरतात, छानच लागतं, पण हे तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. उन्हाळ्यात प्रश्न नाही. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळच्या पार्टीला नेलं तर गोळ्यावर मेणचट पांढरा थर दिसतो आणि लोकांना वाटतं शिळे आहेत. हिवाळ्यात साधं तेलच बरं.

दालचिनी नको असेल तर एक वाटी पिठीसाखर, दोन मोठे चमचे सोया दूध, वेलची आणि त्याच सोया दुधात भिजवलेलं केशर यांचा घट्ट ग्लेझ करा. तो मात्र गोळे पूर्ण गार झाल्यावर.

हे त्याच दिवशी खायचे. उरलेच तर हवाबंद डब्यात बाहेर ठेवा. फ्रिजमध्ये मैद्याचे पदार्थ लवकर शिळवटतात. पावसाळ्यात साखरेला पाणी सुटतं, म्हणून मी ऑर्डर कोरे गोळे आणि साखरेची पुडी अशी वेगवेगळी देते. घरी १५० अंशांवर चार मिनिटं गरम करायचे, तेल लावायचं, पुडी थाळीत ओतायची आणि घोळवायचं काम मुलांना द्यायचं. फरशी नंतर पुसावी लागते, तेवढं गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवते.