अंटार्क्टिकाची क्रूझ: पुण्यातून निघण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

अंटार्क्टिकाचं बुकिंग झालं की बहुतेक पुणेकर आधी जाड जाकीट शोधायला लागतात. खरेदीची ही सुरुवातच चुकते. पर्यटकांची जहाजं जातात ती नोव्हेंबर ते मार्च या तिथल्या उन्हाळ्यात, आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर तेव्हा पारा शून्याच्या आसपास असतो. छळतो तो वारा. शून्य अंशाला ताशी ४० किलोमीटरचा वारा सुटला की अंगाला उणे ७ जाणवतं, त्यात रबरी बोटीतून जाताना खारं पाणी अंगावर उडत असतं.

म्हणून कपडे थरांचे घ्या. आत लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, मधे फ्लीस, वर वारा-पाणी दोन्ही अडवणारं जाकीट. सुती बनियन आणि जीन्स घाम धरून ठेवतात, त्या नकोत. सगळ्यात दुर्लक्ष होतं ते वॉटरप्रूफ पँटकडे. किनाऱ्यावर धक्का नसतो. झोडियाकच्या, म्हणजे त्या रबरी बोटीच्या, कडेवर बसायचं, पाय पलीकडे टाकायचे आणि घोटाभर, कधी गुडघाभर पाण्यात उतरायचं. पँट गमबुटात खोचली तर पाणी थेट पायात जातं, ती बुटावरून बाहेर सोडा. उतरवणाऱ्या माणसाचं मनगट धरा, तो तुमचं धरेल. ओल्या हातमोज्यांत नुसती बोटं धरली तर सटकतात. बऱ्याच कंपन्या जाकीट देतात आणि गमबूट वापरायला देतात, तेव्हा आधी विचारा, मग खर्च करा.

आता ज्या चुकीबद्दल मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ती. सिंहगड-राजगडला वापरलेली सॅक आणि ट्रेकचे मोजे तसेच बॅगेत भरू नका. पावसाळ्यानंतरची कुसळं वेल्क्रोच्या पट्टीत आणि मोज्यांच्या विणीत अडकून बसतात, कॅमेरा बॅगेच्या तळाशी माती असतेच. अंटार्क्टिकात मूळच्या सपुष्प वनस्पती फक्त दोन आहेत. बाहेरून आलेलं एक साधं गवत किंग जॉर्ज बेटावर रुजलंय आणि ते उपटून काढायला माणसं राबतायत. म्हणून किनाऱ्यावर जाण्याआधी जहाजावर प्रत्येकाच्या सामानाची तपासणी होते. खिसे उलटे करून व्हॅक्यूम मारायचा, वेल्क्रोतून चिमट्यानं एकेक कुसळ काढायचं. हे काम घरी खिडकीच्या उजेडात निवांत होतं. सॅकचा प्रत्येक कप्पा झटका, बुटांचे तळ ब्रशनं घासा. खाऊ किनाऱ्यावर न्यायचा नाही, बाकरवडी जहाजावरच ठेवा. पेंग्विनपासून किमान ५ मीटर लांब राहायचं. बर्ड फ्लूच्या धोक्यामुळे जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं, आडवं पडून फोटो काढणं बंद आहे.

केबिन निवडताना वरच्या मजल्यावरची बाल्कनी सगळ्यांना हवी असते. ड्रेक सामुद्रधुनीत तीच केबिन सर्वांत जास्त हलते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नपासून अंटार्क्टिकाजवळच्या साउथ शेटलंड बेटांपर्यंतचं हे साधारण ८०० किलोमीटरचं पाणी. या अक्षांशांवर पृथ्वीभोवती वाऱ्याला अडवायला जमीनच नाही. जायला सुमारे दोन दिवस, यायला तेवढेच. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन घ्या. तीच बहुधा स्वस्तही असते. बोट लागू नये म्हणून गोळी घ्यायची ती पोटात ढवळायच्या आधी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली कुठलीही गोळी घेऊ नये. बाकीच्यांनीही डॉक्टरांच्या सल्ल्यानं एकदा घरी घेऊन किती झोप येते ते बघावं.

प्रवासाच्या तारखा फार घट्ट बांधल्या जातात. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्यूनस आयर्सला, दोन विमानतळ आहेत. परदेशातून येणारं विमान सहसा एझेइझाला उतरतं, जहाज जिथून सुटतं त्या उश्वायाचं बरेचदा शहरातल्या एरोपार्केहून सुटतं, आणि मधे ट्रॅफिक. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादाही कमी असते. जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही, एक दिवस आधीच उश्वायाला पोहोचा. परतीलाही हवेमुळे उशीर होऊ शकतो, तेव्हा लगेचचं विमान घेऊ नका. जहाज अर्जेंटिनातून बाहेर पडून पुन्हा आत येतं, व्हिसावर किती प्रवेश आहेत ते तपासा. विम्यात अंटार्क्टिका आणि आजारी माणसाला तिथून बाहेर काढण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला हवा.

‘नक्की कुठे उतरवणार?’ हे एजंटाकडून लिहून घेऊ नका, त्याला काही अर्थ नाही. वारा फिरला की नेको हार्बरसारखं ठरलेलं ठिकाण रद्द होतं आणि मोहीमप्रमुख दुसरीच खाडी निवडतो. विचारायचं ते हे: जहाजावर प्रवासी किती? एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त लोकांना उतरू देत नाहीत, आणि ५०० पेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज कुणालाच उतरवत नाही. स्वस्तातली मोठी क्रूझ घेतली तर खंड फक्त डेकवरून दिसेल.

राहिली पीतज्वराची (यलो फीवरची) लस. बर्फात डास नसतात म्हणून ती कुणाच्या डोक्यातच येत नाही. पण अर्जेंटिना आणि ब्राझील पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत आहेत. तिथून परतताना प्रमाणपत्र नसेल तर मुंबईत उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं. साठीच्या पुढच्यांना तिचे दुष्परिणाम होण्याची शक्यता जास्त, त्यामुळे डॉक्टरांशी बोलायला दोन-तीन महिने हाताशी ठेवा.