हातकामाचा मेळा भरवताय? या चुका टाळा

पहिल्या वर्षी आमच्या मेळ्यात चाळीसेक मुलांनी चाकावर पणत्या केल्या. मातीने माखलेले हात, खुशीत आलेले आईबाप, फोटोच फोटो. संध्याकाळी ज्याची त्याची पणती पिशवीत घालून आम्ही हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. नवी पणती वापरायच्या आधी पाण्यात भिजत घालायची, ही आपल्या घरोघरची रीत. एका आईने तशी ती घातली, तर तासाभरात वाटीत नुसता गाळ उरला. मुलगा रडून बेजार.

पणती भाजायची राहिली होती. मेळ्यासाठी आलेल्या कुंभारकाकांनी सकाळीच विचारलं होतं, "ताई, ह्या भाजायच्या कधी?" आम्ही म्हणालो, बघू नंतर.

सांगलीत आम्ही काहीजण मिळून दर वर्षी हातकामाचा छोटा मेळा भरवतो. मिरजेचे वाद्यकारागीर, जतकडचे चपला करणारे, माण-खटावकडचे घोंगडीवाले, बुरूड, कुंभार, वाकळ (गोधडी) शिवणाऱ्या बायका, पुण्या-कोल्हापुरात डिझाइन शिकणारी पोरं, सगळे एका अंगणात येतात. या सगळ्यात एक गोष्ट पक्की कळली. आपण आखणी करतो ती बघायला येणाऱ्यांच्या सोयीने, आणि चुका होतात त्या कारागिराच्या कामाला किती वेळ लागतो हे न विचारल्यामुळे.

पणतीवरचा उपाय सोपा निघाला. ओल्या पणतीच्या बुडाला खिळ्याने नंबर कोरायचा, तोच नंबर वहीत नावापुढे लिहायचा. पणत्या सावलीत चांगल्या वाळू द्यायच्या (उन्हात घाईने वाळवल्या की तडकतात) आणि काकांच्या पुढच्या भट्टीत भाजून घ्यायच्या. मुलाला घरी न्यायला काकांनी आधी भाजून आणलेली एक पणती द्यायची. आता लोक आपली पणती घ्यायला कुंभारवाड्यात जातात, जाताना दोन मडकी विकत घेऊन येतात. मेळ्यातल्या विक्रीपेक्षा काकांना हे जास्त आवडतं.

तारीख हॉलच्या रिकामेपणावर ठरवू नका

पावसाळा तर सोडाच. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचं पाणी जुलै-ऑगस्टमध्येच सांगलीत शिरलं, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. पण कोरड्या दिवसांतही प्रत्येक हाताचा आपापला हंगाम असतो. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात कुंभाराला बोलावलंत तर तो येणार नाही, कारण संक्रांतीच्या सुगडांचे तेच दिवस. बुरुडाकडे लग्नसराईत सुपं, टोपल्या, परड्यांची मागणी असते. मेंढपाळ कुटुंबं दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाच्या वाटेला लागलेली असतात, तेव्हा लोकर कातणाऱ्या बाईला डिसेंबरात निमंत्रण देऊन काय उपयोग? आणि उसाचा हंगाम भरात असताना ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेतून काचसामान, मडकी आणायची तर दोन तास जास्तीचे धरायलाच हवेत.

आमच्या अनुभवात फेब्रुवारी बरा. तरी तारीख छापायच्या आधी प्रत्येक कारागिराला फोन करा, आणि "त्या दिवशी याल का?" असं विचारू नका. संकोचाने सगळे हो म्हणतात. "त्या आठवड्यात काय काम असतं?" असं विचारा.

'करून दाखवा' म्हणण्याआधी

यात आम्ही सगळ्यात जास्त चुकलो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

घोंगडी विणणाऱ्या काकांना आम्ही म्हणालो, माग घेऊन या, लोकांना विणून दाखवा. ते हसले. त्यांचा माग खड्ड्यात. पाय खड्ड्यात सोडून बसायचं, पायाने पावड्या दाबायच्या. तो काय टेम्पोत घालून आणायचा? तरी आमच्या आग्रहाखातर त्यांनी एक साधी चौकट उभी केली, त्यावर उभे धागे ताणून आणले. सकाळी दहाला लोक जमले, आणि काका चौकटीजवळ नुसते उभे. "ताई, खळ अजून वाळली न्हाई." हातकताईच्या लोकरीचा धागा खरबरीत, जरा ओढला की तुटतो. म्हणून चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करतात आणि कुंच्याने उभ्या धाग्यांवर ती चढवतात. ती उन्हात कडक वाळली तरच धागा ताण सोसतो. त्या दिवशी आभाळ आलेलं. आम्ही हात लावून पाहिलं, धागे बोटांना चिकटत होते. काकांनी एक अक्षर तक्रार केली नाही, पण शंभर लोकांसमोर रिकामं उभं राहण्याची वेळ आमच्यामुळे त्यांच्यावर आली. मला ते आजही लागतं.

आता आम्ही विणून दाखवा म्हणत नाही. लोकर पिंजणं, चरख्यावर कातणं आणि खळ लावणं, एवढंच मेळ्यात होतं. शिजलेल्या खळीचं पातेलं समोर असतं, लोक बोट बुडवून बघतात. तयार घोंगडीच्या मधोमध दोन पट्ट्यांची शिवण असते, ती दाखवून मागाची रुंदी समजावता येते. ज्यांना विणकाम बघायचं आहे त्यांच्यासाठी नंतर एक दिवस काकांच्या घरी जाणं ठरवतो, दहा माणसांपेक्षा जास्त नाही.

मिरजेच्या तानपुऱ्याची गोष्ट वेगळी, तिथे अडचण आवाजाची. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (ही वस्तू याच भागाची, अशी सरकारी नोंद) मिळालं, त्यामुळे लोक मुद्दाम बघायला येतात. जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावताना कारागीर घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा कानसीने अगदी हलका घासतो, तार छेडून ऐकतो, तारेखालचा सुती धागा केसभर सरकवतो, पुन्हा ऐकतो. मान कलती, डोळे मिटलेले. शेजारी आमचा लाउडस्पीकर 'पार्किंगमधली पांढरी गाडी काढा' म्हणत होता. तासाभराने त्यांनी कानस खाली ठेवली. वाद्यांना आतली खोली द्या, स्पीकरपासून लांब, खिडकीतलं ऊन भोपळ्यावर पडणार नाही अशी. आणि खोलीत एका वेळी पंधराच माणसं सोडा.

रंगाची कार्यशाळा फसते ती इथे

झाडपाल्याच्या रंगांची कार्यशाळा हल्ली प्रत्येक मेळ्यात असते. डाळिंबाची सालं आटपाडीकडून पोत्याने मिळतात, हळद तर सांगलीचीच. तरी रंग बिघडतो.

डाग-डाग पडले तर कापडाची खळ निघालेली नाही असं समजा. दुकानातून आणलेलं कोरं सुती कापड रात्रभर भिजवून, धुण्याच्या सोड्यात उकळून घ्यायला हवं. हे काम आदल्या दिवशीचं, कार्यशाळेतलं नव्हे.

पहिल्याच धुण्यात रंग उतरला तर रंग धरून ठेवणारं काही घातलेलं नाही. सुती कापडाला आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, मग तुरटीच्या. एक किलो कोरड्या कापडाला दीडशे ते दोनशे ग्रॅम तुरटी पुरते, हिरडाही साधारण तेवढाच. हिरडा जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरातला, साताऱ्यात सहज मिळतो.

डाळिंबाचा पिवळा हवा होता आणि काळपट-करडा आला, तर आधी भांडं बघा. लोखंडी घमेल्यात उकळलंत ना? सालीतला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की रंग काळा पडतोच. स्टीलचं पातेलं घ्या. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानेही छटा बदलते, आणि आपल्या नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यात हा त्रास जास्त. चिंधीवर एकदा करून बघितल्याशिवाय तीस जणांची कापडं बुडवू नका.

हळदीबद्दल एक प्रामाणिकपणा पाळा. हळदीचा रंग उन्हात उडतो आणि साबण लागला की लालसर होतो. कितीही सुंदर दिसला तरी विकताना हे तोंडाने सांगा.

हातकामाच्या नावाखाली गिरणीचा माल

दख्खनी मेंढीची लोकर कातणारे कमी झाले, मटणासाठी मेंढ्या पाळणं वाढलं. त्यामुळे बाजारात घोंगडीच्या नावाने कृत्रिम धाग्याचाही माल येतो. स्टॉल देण्याआधी दोन धागे मागून घ्या आणि काडीने पेटवा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते, राख बोटांनी चुरडते. कृत्रिम धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. दोन मिनिटांचं काम आहे. संकोच वाटून आम्ही एका वर्षी ते टाळलं आणि खऱ्या घोंगडीवाल्याच्या शेजारीच निम्म्या किमतीचा माल मांडला गेला. त्याचं त्या दिवशी एकही घोंगडं विकलं गेलं नाही.

पैसे त्याच दिवशी

कारागिराकडून स्टॉलचं भाडं घेऊ नका. तो दुकानदार म्हणून आलेला नाही, त्याच्यामुळे तुमचा मेळा आहे. दिवसाची मजुरी, येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण आपल्याकडे. सगळ्यांचे पैसे एकाच क्यूआर कोडवर गोळा करून मग वाटायचे, ही कल्पना हिशोबाला चांगली, पण आमच्याकडे तो हिशोब तीन आठवडे लांबला. वाकळ विकलेल्या आज्जी दोनदा एसटीने येऊन गेल्या. एवढ्या वयाच्या बाईला आपल्याच पैशासाठी हेलपाटे! आता ज्याचा त्याचा कोड, ज्याला नको त्याला रोख, आणि मेळा उठायच्या आत हिशोब पुरा. दहा-वीसच्या नोटांची सोयही आपणच करून ठेवायची.

घासाघीस करणाऱ्याला कारागिराने थांबवावं अशी अपेक्षा धरू नका, ते काम आपलं. प्रत्येक वस्तूला किती दिवस लागले ते चिठ्ठीवर लिहून लावलं तर फरक पडतो.

डिझायनर आणि कारागीर एकत्र बसतात तेव्हा

पोरं चांगली असतात, मनापासून येतात, पण लॅपटॉपवर चित्र तयार करून आणतात आणि "हे असं करून द्या" म्हणतात. चप्पल करणाऱ्या दादांना एका मुलीने पट्ट्याचा नवा आकार दिला. दादांनी कातडं हातात घेऊन वाकवलं, म्हणाले, "हितं कान सुटंल बाई, वादी धरायची न्हाई." (कान म्हणजे चपलेच्या बाजूची पट्टी, वादी म्हणजे ओवायची कातड्याची दोरी.) बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं ते कातडं कुठे वाकतं, कुठे चिरतं, हे त्यांच्या बोटांना ठाऊक. तिने चित्र बाजूला ठेवलं आणि अर्धा दिवस त्यांच्याशेजारी बसून वादी ओवायला शिकली. मग जो जोड झाला तो दोघांचा होता. म्हणून मेळ्याआधी आठवडाभर तरी डिझायनरला कारागिराच्या घरी पाठवा.

नमुन्याचे पैसे द्या. नमुना पसंत पडला नाही तरी द्या. आणि साध्या कागदावर लिहून ठेवा की कल्पना कुणाची, हात कुणाचा, पुढे मागणी आली तर दर काय आणि नाव कुणाकुणाचं लागणार. कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं भौगोलिक मानांकन आपल्या सांगली-साताऱ्यालाही लागू आहे. २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला मांडल्या आणि मूळ कुठलं ते सांगितलं नव्हतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. आधी नाव घेतलं असतं तर ती वेळच आली नसती. आपल्या अंगणातल्या मेळ्यालाही हाच नियम.

कचऱ्याचं थोडक्यात

पर्यावरणाचा मेळा आणि कमानीवर फ्लेक्स, हे नको. कापडी फलक रंगवून घ्या आणि त्यावर साल लिहू नका, पुढच्या वर्षी तोच चालेल. चकचकीत अस्तराच्या कागदी प्लेट कुजत नाहीत. पळसाच्या पत्रावळी घ्या किंवा मंडळाची स्टीलची ताटं मागून आणा. पाण्याला माठ. कुंभारकाकांचेच घ्या, मेळा संपल्यावर लोक विकत नेतात.

सगळ्यांची मिळून एक वाकळ

येणाऱ्या प्रत्येकाने चार टाके घालायचे आणि संध्याकाळपर्यंत एक वाकळ पुरी करायची, असं ठरवलं होतं. लोकांनी घरून जुन्या साड्या आणल्या. निम्म्या सिंथेटिक निघाल्या. थर एकमेकांवर घसरायला लागले, मध्ये फुगा आला. आज्जींनी सगळं उसवायला लावलं. "जुनं सुती लुगडं आण बाळ, धुवून धुवून मऊ झाल्यालं. ते एकमेकाला धरतंय." मग अंगणात थर अंथरले, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले, लांब टाके घालून आधी सगळं जागेवर बसवलं, आणि कडेपासून आत धावदोरा सुरू केला. एका वेळी आठच माणसं, चारी बाजूंना दोन-दोन. त्याहून जास्त बसली की कापड ओढलं जातं. प्रत्येकाचा टाका वेगळा पडतो, तो उसवू नका. आज्जींनीही उसवला नाही, त्यावरून बोट फिरवून "ही वळ कुणाची ग?" एवढंच विचारत राहिल्या.

संध्याकाळी वाकळ अर्धीच झाली होती, आणि ती एका दिवसात होणारही नव्हती. पुढच्या दोन दुपारी आज्जींच्या सोप्यात बसून पाचजणींनी ती पुरी केली. यंदा त्या दोन दुपारी, सहाजणींचा चहा आणि आज्जींची तीन दिवसांची मजुरी खर्चाच्या कागदावर आधीच लिहून ठेवली आहे.