नौदल विंगचा कॅडेट होताना: आठवी-नववीच्या मुलामुलींची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मुलांना समुद्र लांब पडतो. म्हणून एनसीसीची नौदल विंग आपल्यासाठी नाही, असं घरोघरी धरून चालतात. ते खरं नाही. ज्युनियर डिव्हिजनच्या, म्हणजे शाळकरी गटाच्या, दोन वर्षांत शिकवलं जाणारं बरंचसं मैदानावर आणि दोन मीटर दोरावर शिकता येतं.

आधी शाळेत चौकशी करा. एनसीसीत भूदल, नौदल आणि हवाई दल अशा तीन विंग असतात. शाळेला जी मंजूर असेल तीच मिळते, मुलाला मनाने निवडता येत नाही. वय किमान 13 पूर्ण आणि 18 वर्षं 6 महिन्यांच्या आत लागतं. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावापाशी. शाळेच्या दाखल्यावर कन्नडमधून उतरलेलं नाव, आधारवर इंग्रजीत वेगळं स्पेलिंग, बँकेच्या पासबुकात वडिलांचं नाव गायब, हे आपल्या भागात नेहमीचंच. भत्ता खात्यावर जमा होतो, म्हणून तिन्ही ठिकाणी नाव अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. दुरुस्तीला वेळ लागतो, तेव्हा ती मे महिन्याच्या सुट्टीतच उरका.

आता गाठी. ज्या घरात दावणीला जनावर आहे, तिथल्या मुलाचे हात आधीच निम्मे तयार असतात. 8 ते 10 मिलिमीटर जाडीचा दोर घ्या. सुतळी नको, तिचा पीळ सुटतो आणि गाठ नीट बसली की नाही ते दिसत नाही. नायलॉनची टोकं मेणबत्तीवर वितळवा, सुती दोराची टोकं दोऱ्याने घट्ट गुंडाळा.

रीफ नॉट सारख्या जाडीच्या दोन दोरांसाठी. उजवं टोक डाव्यावर घेऊन वेढा, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतलं तर गाठ आडवी पडते आणि ताण आला की घसरते. बरोबर गाठीत प्रत्येक दोराची दोन्ही पदरं एकाच बाजूने, शेजारी-शेजारी बाहेर पडतात. जाडी वेगळी असेल तर रीफ नॉट मारूच नका, शीट बेंड मारा. क्लोव्ह हिच म्हणजे खुंट्याला दोन आढे.

बोलाइनवर सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण माणसाला पाण्यातून ओढून घ्यायची ती गाठ आहे. तिचा फास आवळत नाही. दोराच्या लांब भागावर छोटा आढा करा, टोकाकडचा पदर वर राहील असा. टोक खालून आढ्यात वर काढा, लांब दोराच्या मागून फिरवा आणि पुन्हा त्याच आढ्यातून खाली घाला. सगळं आवळून बघा. आढा उलटा पडला असेल, म्हणजे लांब भाग वर आला असेल, तर गाठ बसतच नाही, ओढताच उलगडते. शेवटी किमान चार बोटं टोक शिल्लक ठेवा. मग डोळे मिटून मारा, अंधारात आणि ओल्या हातांनीही जमली पाहिजे.

सेमाफोर, म्हणजे झेंड्यांची भाषा, मुलं आरशासमोर पाठ करतात आणि तिथेच फसतात. आरशात बाजू उलट दिसते. जोडीदार समोर उभा करा. पहिल्या फेरीत ए, बी, सी उजव्या हाताने खालून वर चढत जातात, डी सरळ डोक्यावर, मग ई, एफ, जी डाव्या हाताने उतरत येतात. ही सात अक्षरं पक्की होईपर्यंत पुढे जाऊ नका. J हे अक्षर इथे I च्या नंतर येत नाही, ते शेवटच्या फेऱ्यांत आहे.

ड्रिलचे हुकूम हिंदीत असतात. ‘दाहिने’ म्हणजे उजवीकडे, ‘बाएँ’ म्हणजे डावीकडे. हुकमाचा पहिला शब्द फक्त सावध करतो, हालचाल ‘मुड’ ऐकल्यावर करायची. घाई केलेला एक कॅडेट अख्खी रांग बिघडवतो. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंजांत 30 अंशांचा कोन. विश्राममध्ये पायांत 12 इंच. गणवेश पांढरा, आणि खानापूरची लाल माती त्यावर लगेच बसते. दोन जोड ठेवा आणि नीळ बेताने घाला, जास्त झाली की डाग दिसतात.

नावेत वल्हवताना कॅडेट पाठमोरा बसतो. स्टारबोर्ड म्हणजे नावेची उजवी बाजू, पण वल्हवणाऱ्याच्या ती डाव्या हाताला येते. हे घरी दोन खुर्च्या उलट ठेवून घटवा. ‘गिव्ह वे टुगेदर’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम वल्हं मारायचं, ‘ओर्स’ म्हटलं की थांबून वल्हं आडवं धरायचं. वल्ह्याचं पातं फार खोल गेलं तर पाण्यात अडकतं आणि मूठ छातीवर आदळते. पातं जेमतेम बुडेल इतकंच घाला.

पोहणं आधीच शिका, पण जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पाठीला डबा बांधून. पावसाळ्यात मलप्रभा, वेदगंगा, दूधगंगा यांच्या पात्रात उतरू नका, आणि खाणीच्या डबक्यात कधीच नाही.

‘ए’ प्रमाणपत्राच्या, म्हणजे ज्युनियर डिव्हिजनच्या शेवटच्या, परीक्षेला 75 टक्के हजेरी आणि एक वार्षिक शिबिर लागतं. हजेरी बुडते ती सुगीत आणि गावच्या यात्रेत. घरच्यांना परेडचे वार जूनमध्येच सांगून ठेवा आणि दर महिन्याला आपली हजेरी एनसीसीच्या सरांकडून बघून घ्या.