घरच्या बारमध्ये ड्राफ्ट बिअरचा नळ बसवताना

काउंटरवर चकचकीत टॉवर (नळ बसवलेला खांब) उभा करणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. गडबड होते ती काउंटरच्या खाली. नळातून नुसता फेस येत असेल तर कारण बहुतेक वेळा बिअरचं तापमान नाहीतर बिअर नळापर्यंत आणणाऱ्या नळीची लांबी हे असतं, आणि लोक मात्र रेग्युलेटरचा, म्हणजे गॅसचा दाब कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा, स्क्रू पिळत बसतात.

आधी फ्रिज, मग सुतार

बिअरचा फ्रिज घेताना गरम हवा समोरून, खालच्या जाळीतून सोडणारा म्हणजे खराखुरा बिल्ट-इन प्रकारचाच घ्या. मागून गरम हवा सोडणारा फ्रिज कॅबिनेटमध्ये कोंडला की कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि बिअरही थंड होत नाही. समोरची जाळी सुतार ‘दिसायला बरं’ म्हणून पट्टीने झाकतात. ते होऊ देऊ नका.

भरलेला ५० लिटरचा केग (बिअरचं धातूचं पिंप) साधारण ६० ते ६५ किलोचा असतो. तेव्हा फ्रिज थेट पक्क्या, सपाट जमिनीवर ठेवा. आतली उंची मोजताना केगच्या डोक्यावर बसणारा कपलरही धरा; गॅस आत आणि बिअर बाहेर नेणारा जोड तो हाच. कपलर केगच्या झडपेनुसार येतो: युरोपीय केगना बहुधा ‘एस’, अमेरिकी केगना ‘डी’. केग कुठला मिळणार हे ठरल्याशिवाय कपलर घेऊ नका.

भोक आणि टॉवर

वरच्या बाजूला तयार भोक असलेलाच फ्रिज निवडा. साध्या फ्रिजला भोक पाडताना आतली थंडाव्याच्या गॅसची नळी फुटली तर फ्रिज गेला. काउंटरचं भोक त्याच्या बरोबर वर यायला हवं. टॉवरचा खांब साधारण ७५ मिमीचा असतो, पण भोक त्याच्या बुडाच्या साच्यावरून आखा. लाकडाला होल सॉ चालेल. ग्रॅनाइटला डायमंड कोअर बिट आणि सतत पाणी लागतं. प्लायवूडची कापलेली कड व्हार्निश किंवा सिलिकॉनने बंद करा, नाहीतर गळलेल्या बिअरने ती फुगते. नळाचा दांडा पुढे-मागे हलतो, म्हणून वरच्या कपाटापासून अंतर तपासा.

गॅस

बिअर नळापर्यंत ढकलतो तो कार्बन डायऑक्साइड वायू. २० अंश सेल्सिअसला त्याच्या सिलिंडरमध्ये जवळपास ५७ बार दाब असतो, आणि बिअरला लागतो जेमतेम पाऊण बार. म्हणून सिलिंडर उभाच ठेवा आणि पट्ट्याने बांधा. नवा वॉशर घालून रेग्युलेटर पान्याने घट्ट करा, त्याचा स्क्रू पूर्ण सैल ठेवा, मगच सिलिंडर हळूहळू उघडा आणि दाब वाढवा. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा. केग न जोडता दाब भरा, सिलिंडर बंद करा आणि काटा रात्रभर टिकतो का पाहा. केग जोडलेला असेल तर बिअर गॅस शोषते आणि नसलेली गळती दिसते.

हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. छोट्या बंद खोलीत सेन्सर लावाच. धाप लागली किंवा डोकं जड झालं तर आधी बाहेर पडा.

फेसाचा हिशेब

बिअर ३ अंश सेल्सिअस, दाब ११ ते १२ पीएसआय (म्हणजे तोच पाऊण बारच्या आसपास), नळीचा आतला व्यास ५ मिमी: लागर आणि एल या नेहमीच्या बिअर-प्रकारांना हे बसतं. पुस्तकी गणिताने नळी दीड मीटर येते; घरी मात्र अडीच ते तीन मीटरने सुरुवात करा. ओतणं फार संथ वाटलं तर थोडी थोडी कापता येते. शिवाय फ्रिज पुढे ओढताना नळीला ढील लागतेच.

प्रवासातून आलेला केग २४ तास थंड होऊ द्या. कपलर बसवून उजवीकडे फिरवा, त्याचा दांडा खाली दाबा. ग्लास तिरका धरा आणि नळ एका झटक्यात पूर्ण उघडा. अर्धवट उघडलेला नळ फेसच देतो. अर्ध्या लिटरला ८ ते १० सेकंद लागले तर जमलं.

फक्त पहिला ग्लास फेसाळला तर टॉवर गरम आहे: फ्रिजमधली थंड हवा छोट्या पंख्याने वेगळ्या नळीतून टॉवरमध्ये सोडा. प्रत्येक ग्लास फेसाळत असेल तर दुसऱ्या ग्लासात थर्मामीटर बुडवून बघा. फ्रिजवरच्या आकड्याचा भरवसा नाही. तापमान बरोबर असूनही स्थिर पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले तर दाब कमी पडतोय आणि विरघळलेला गॅस बाहेर येतोय. अशा वेळी दाब आणखी उतरवलात तर फेस वाढतो आणि काही दिवसांत बिअर मिळमिळीत होते.

धुणं

दर दोन आठवड्यांनी अल्कली क्लीनर नळीतून पंपाने १५ मिनिटं फिरवा. पंप नसेल तर २० मिनिटं भरून ठेवा. हातमोजे आणि चष्मा घाला, मग निर्मळ पाणी येईपर्यंत खळखळून धुवा. नळ सुटा करून ब्रशने घासा. बिअरचे चिवट क्षार काढायला दर तीन महिन्यांनी आम्ल क्लीनर, पण तो अल्कलीत कधीही मिसळू नका. बिअरला लोण्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा वास आला तर केगला दोष देण्याआधी नळी तपासा. व्हिनाइलची नळी तर वर्षाला बदललेलीच बरी.