तीनकोनी जागा, झुकलेलं फाटक आणि तिकटी: त्रिकोणातल्या या चुका टाळा

तीनकोनी जागेचा व्यवहार निघाला की एक चूक ठरलेली. टेप धरायची, दोन बाजू मोजायच्या, गुणायच्या आणि निम्मं करायचं. झालं क्षेत्रफळ!

समजा, रस्त्याच्या वळणावर उरलेला तुकडा आहे, बाजू 130, 140 आणि 150 फूट. 130 गुणिले 140, त्याचे निम्मे 9,100 चौरस फूट. गुंठा 1,089 चौरस फुटांचा, म्हणजे हे आठ गुंठ्यांच्या वर जातं. खरं क्षेत्रफळ मात्र 8,400. पावणेआठ गुंठेसुद्धा भरत नाहीत. 700 चौरस फुटांचे पैसे हवेतले.

'पाया गुणिले उंची भागिले दोन' सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो 'उंची'त. शेजारची बाजू म्हणजे उंची नव्हे. समोरच्या टोकापासून पायावर काटकोनात पडणारा लंब म्हणजे उंची. वरच्या तुकड्यात 140 ची बाजू पाया धरा, 130 ची बाजू तिला मिळते त्या कोपऱ्याकडून 50 फूट चालत या आणि तिथून समोरच्या टोकापर्यंत मोजा. बरोबर 120 भरेल.

मध्ये ऊस उभा असेल तर लंबाच्या भानगडीत पडूच नका. हेरॉनचं सूत्र वापरा. तिन्ही बाजूंची बेरीज 420, निम्मी 210. त्यातून एकेक बाजू वजा केली की 80, 70, 60 उरतात. हे चारी आकडे गुणून वर्गमूळ काढा, 8,400 येतं. मोबाइलवर मिनिटाचं काम आहे. वहीतल्या दोन लहान बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा कमी भरत असेल, तर हिशोब थांबवा आणि पुन्हा मोजा. तसा त्रिकोण पृथ्वीवर होत नाही. पन्हाळ्याच्या बाजूला उताराची जमीन असेल तर टेप मातीला चिकटवू नका, पातळीत आडवी धरा.

घराच्या पायाच्या आखणीत काटकोन साधायला गवंडी 3-4-5 लावतात, म्हणजे 3, 4 आणि 5 फूट बाजूंचा त्रिकोण. पद्धत पक्की आहे, पण 30 फुटांच्या भिंतीला 3 फुटांचा त्रिकोण पुरत नाही. तीन फुटांवर अर्धा इंच ढळलं की तिकडच्या टोकाला पाच इंच जातं. 9-12-15 घ्या, मग फक्की मारा.

आता माझी स्वतःची फजिती. गोठ्याच्या लाकडी फाटकाला मी हौसेनं तिरकी पट्टी ठोकली: वरच्या बिजागरीपासून खाली कडीच्या बाजूच्या कोपऱ्यात. पावसाळा संपेपर्यंत फाटक जमीन घासायला लागलं. सुतारानं एकदा बघितलं आणि हसला. "उलटी ठोकलीय की ओ!" लाकडी पट्टी खालच्या बिजागरीपासून वर कडीच्या कोपऱ्याकडे जायला हवी, मग ती वजन खालून तोलते. माझ्या दिशेनं लावायचीच तर ताणलेली तार लावायची, कारण तार ओढून धरते. चौकोनी चौकट ढकलली की कलते. त्रिकोणाची मात्र बाजू वाकल्या-तुटल्याशिवाय आकार बदलत नाही. पत्र्याच्या शेडला छताखाली कैची, म्हणजे त्रिकोणी सांगाडा, असते ती त्यासाठीच.

शब्दांतही पाय घसरतो. त्रिकोणाची सगळ्यात लांब बाजू म्हणजे 'कर्ण' असं पोरं बिनधास्त लिहितात; कर्ण फक्त काटकोन त्रिकोणात. 'गुण्या' कंपासपेटीतला तीन बाजूंचा, गवंड्याचा दोनच भुजांचा. पत्रिकेतला त्रिकोण तर आणखी वेगळा, तिथं पहिलं, पाचवं आणि नववं स्थान.

आणि आमच्या कोल्हापूरची तिकटी! मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. तिथं नकाशात त्रिकोण शोधत बसू नका, तीन रस्ते एका ठिकाणी मिळाले की झाली तिकटी. पुण्याच्या पाहुण्यांना मी फोनवर म्हटलं, "मिरजकर तिकटीला उतरा."

"तिकीट कुठपर्यंतचं काढू?" ते म्हणाले.

"तिकीट नव्हे ओ, तिकटी. रिक्षावाल्याला सांगा, तो सोडतोय."